ऑगस्टस वॉशिंग्टनची छायाचित्रशाळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन १८४० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत एक नवा धंदा इतक्या झपाट्याने फोफावला की, सुतार, घड्याळजी, औषधविक्रेते, चितारी आणि खेड्यापाड्यांतील शाळामास्तर अशा नाना प्रकारच्या लोकांनी आपापला पूर्वीचा व्यवसाय सोडून त्यात उडी घेतली. हा धंदा चांदीच्या पत्र्यावर माणसांच्या प्रतिमा उमटवून देण्याचा होता. लुई दागेर या फ्रेंच चित्रकाराने शोधून काढलेली ही ‘दागेरोटाइप’ नावाची कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर करण्यात आली. अमेरिकेत ती शिकून घेण्यास ना वडिलोपार्जित हुन्नर लागत होता, ना कोणाची सनद, ना मोठे भांडवल. काही दिवसांची उमेदवारी, एक यंत्र, चार रसायने आणि चांगल्या उजेडाची एक खोली एवढ्या सामग्रीवर कोणीही चलाख मनुष्य दारावर पाटी लावून बसू शकत असे. नॅथॅनिएल हॉथॉर्न याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या कादंबरीतील होलग्रेव्ह नावाचा तरुण छायाचित्रकार पूर्वाश्रमीचा शाळामास्तर दाखविला आहे, आणि तो त्या काळच्या वाचकांना परका वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पुढे तारायंत्रामुळे ज्याचे नाव अजरामर झाले तो सॅम्युअल मोर्स हाही न्यूयॉर्क येथील विद्यापीठात चित्रकलेचा अध्यापक असतानाच पॅरिसला दागेरची गाठ घेऊन आला होता, आणि मायदेशी परतल्यावर छायाचित्रे काढण्याबरोबरच शुल्क घेऊन ती विद्या इतरांना शिकवू लागला होता.

अध्यापनाकडून छायाचित्रणाकडे वळलेल्या या मंडळींत ऑगस्टस वॉशिंग्टन याचे चरित्र मला सर्वांत अधिक मननीय वाटते. तो कृष्णवर्णीय होता, आणि गुलामगिरी कायदेशीर असलेल्या देशात स्वतंत्र नागरिक म्हणून जगण्याची त्याची धडपड होती. त्याने शाळा का सोडली, धंदा कसा बसविला, आणि चांगला बसलेला धंदा उठवून तो देशांतरास का गेला, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत; ते सुटे करून पाहिले म्हणजे स्वतःच्या हिमतीवर उभारलेला धंदा माणसाला काय मिळवून देऊ शकतो, आणि कोणती गोष्ट त्याच्या आवाक्याबाहेरच राहते, याचा चांगला उलगडा होतो.

वॉशिंग्टनचा जन्म १८२० च्या सुमारास न्यू जर्सी संस्थानातील ट्रेंटन येथे झाला. बाप एकेकाळी गुलाम होता. आईचे मूळ दक्षिण आशियातील होते असे त्याचे चरित्रकार नमूद करतात. शिक्षणाची ओढ त्याला लहानपणापासून विलक्षण होती आणि शिक्षणाच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला अडसरही तितकेच होते. ऐन तारुण्यातच तो स्वतः कृष्णवर्णीय मुलांना शिकवू लागला. गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र घेणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ओनायडा इन्स्टिट्यूट ही एक होती; तेथे तो काही काळ शिकला, पैसा संपला तेव्हा ब्रुकलिन येथे मास्तरकी केली, आणि पुन्हा गाठीला चार पैसे जमताच पुन्हा शिकावयास निघाला. १८४३ साली न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला, तेव्हा त्या विद्यालयात त्याच्या वर्णाचा दुसरा विद्यार्थी नव्हता. त्याच साली हिवाळ्यात, कॉलेजची देणी भागविण्याचा एक उपाय म्हणून, त्याने दागेरोटाइपची विद्या हस्तगत केली आणि अध्यापकांची व गावकऱ्यांची छायाचित्रे काढून काही प्राप्ती करून घेतली. तथापि कर्ज फिटण्याइतकी ती प्राप्ती नव्हती. दुसऱ्या वर्षी त्याला कॉलेज सोडावे लागले, आणि परत जाण्याचा योग पुढे कधीच आला नाही.

१८४४ साली तो कनेक्टिकट संस्थानातील हार्टफर्ड या शहरी आला आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिक्षक झाला. टॅल्कट स्ट्रीटवरील ज्या चर्चच्या छत्राखाली ही शाळा चाले, त्याचे धर्मोपदेशक जेम्स पेनिंग्टन हे स्वतः मेरीलंडमधील मालकाच्या ताब्यातून निसटून आलेले गुलाम होते, आणि त्याच पेनिंग्टन यांना १८४९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. अशा माणसाच्या सहवासात शिक्षकाचे काम करणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती यात शंका नाही. आपल्याकडे पुण्यास जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती याच दशकात, १८४८ साली. आणि त्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सत्पुरुषांना अर्पण केला, हे पाहिले म्हणजे हार्टफर्डच्या त्या लहानशा शाळेतील धडपड मराठी वाचकाला अगदीच दूरची वाटू नये.

तरीही दोनच वर्षांनी वॉशिंग्टनने ती शाळा सोडली. ज्ञानदानाचा त्याला कंटाळा आला असावा असे समजण्यास काहीच आधार नाही. डार्टमथचे ऋण डोक्यावर होते, आणि उपेक्षित समाजाच्या शाळेतील शिक्षकाची मिळकत ही देणाऱ्यांच्या मर्जीवर व शाळेच्या तुटपुंज्या निधीवर अवलंबून असते. त्याने कितीही जीव ओतून शिकविले तरी तेवढ्याने पगारात भर पडत नाही. याच्या उलट छायाचित्रकाराचा हिशेब गिऱ्हाइकाशी समोरासमोर आणि त्याच दिवशी होतो. प्रतिमा चांगली उमटली तर पैसे रोख मिळतात, दुसरा पत्रा तयार करण्याची मागणी येते, आणि शेजारीपाजारी ती प्रतिमा पाहून आपणही येतात. १८४६ च्या अखेरीस त्याने हार्टफर्डमध्ये स्वतःची छायाचित्रशाळा उघडली, तेव्हा त्याच्या वर्णाचा द्वेष करणाऱ्या माणसालासुद्धा त्याच्या कामाची पारख त्याच्या हातातील पत्र्यावरूनच करावी लागणार होती. शिक्षकाच्या कसबाची अशी उघड पारख होण्यास पंधरा-वीस वर्षे जावी लागतात.

हा पत्रा तयार कसा होई हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय या धंद्याचे व्यावहारिक स्वरूप ध्यानात येणार नाही. तांब्याच्या पत्र्याच्या एका अंगास चांदीचा पातळ थर बसविलेला असे. तो प्रथम तेल व बारीक भुकटी यांनी घासावयाचा, मग हरणाचे मऊ कातडे चढविलेल्या लांबट लाकडी पट्टीने एकाच दिशेने इतका चोळावयाचा की त्यात स्वतःचा चेहरा लख्ख दिसावा. एखादा ओरखडा किंवा बोटाचा ठसा राहिला तर तोही प्रतिमेबरोबर कायमचा राही. त्यानंतर अंधुक उजेडाच्या खोलीत तो आयोडीनच्या आणि मग ब्रोमीनच्या वाफेवर धरला जाई. चांदीवर आधी फिकट पिवळी, मग गुलाबीसर छटा चढे, आणि नेमक्या कोणत्या छटेला पत्रा उचलावयाचा हे ओळखण्यात कारागिराचे खरे कसब असे. क्षणभर घाई झाली तर पत्रा मंद, क्षणभर उशीर झाला तर प्रतिमा धुरकट. मग तो झाकून यंत्रात बसवावयाचा आणि गिऱ्हाइकाला निश्चल बसवून प्रकाश द्यावयाचा.

आरंभीच्या काळी यासाठी कित्येक मिनिटे लागत, परंतु ब्रोमीनचा उपयोग आणि व्हिएन्नाच्या योझेफ पेत्झ्वाल याने १८४० साली सिद्ध केलेले अधिक प्रकाश घेणारे भिंग यांमुळे हा अवधी काही सेकंदांवर आला होता. तेवढ्या वेळातही मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावीत, आणि म्हणूनच त्या काळच्या प्रतिमांतील माणसे इतकी गंभीर व ताठ दिसतात. यंत्रातून काढलेल्या पत्र्यावर डोळ्यांना काहीही दिसत नसे. तो तापविलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरल्यानंतरच, जेथे प्रकाश पडला होता तेथे पाऱ्याचे सूक्ष्म कण बसून, चेहरा हळूहळू उमटे. पारा विषारी आहे, आणि दिवसेंदिवस त्याच्या वाफेत उभे राहणाऱ्या कारागिरांच्या प्रकृतीवर त्याचे परिणाम होत, ही या धंद्याची एक फारशी न सांगितली जाणारी बाजू होय. शेवटी उरलेली रसायने धुऊन काढून, सुवर्णक्षाराचे पाणी पत्र्यावर ऊन करून प्रतिमेला बळकटी आणीत, आणि पितळी चौकट व काच बसवून आत मखमल लावलेल्या बिजागरीच्या डबीत तो पत्रा बंद करीत.

या सर्व खटाटोपातून एकच प्रतिमा निघे. पुढील काळाप्रमाणे मूळ पट्टीवरून शंभर प्रती काढण्याची सोय तीत नव्हती. दुसरी प्रत हवी असेल तर माणसाला पुन्हा बसावे लागे, नाहीतर त्या पत्र्याचेच पुन्हा छायाचित्र काढावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराचे उत्पन्न हे दिवसभरात किती माणसे त्याच्या खुर्चीवर येऊन बसली यावरच ठरे, आणि हार्टफर्डसारख्या शहरात या धंद्यात चढाओढही बरीच होती. वॉशिंग्टनने आपले दर अर्ध्या डॉलरपासून दहा डॉलरपर्यंत ठेवले होते. पत्र्याचा आकार, चौकट आणि डबीची कारागिरी यांप्रमाणे किंमत वाढे, म्हणजे मोलमजुरी करणारा मनुष्यही रिकाम्या हाताने परत जाऊ नये आणि धनिकालाही आपल्या इतमामाप्रमाणे वस्तू मिळावी, अशी ती योजना होती.

त्याच्या जाहिरातींत मला सर्वांत लक्षणीय वाटते ती स्त्रियांसाठी ठेवलेली व्यवस्था. स्त्रियांना पोशाख नीटनेटका करण्यास स्वतंत्र खोली असून त्यांच्या मदतीस एक बाई हजर असते, आणि शहरात अशी सोय अन्यत्र नाही, असे तो जाहीर करी. बसताना काळा पोशाख घालावा अशी त्याची शिफारस असे, आणि ज्यांच्याजवळ तो नसेल त्यांना छायाचित्रशाळेतून विनामूल्य पुरविण्याची तयारीही तो दाखवी. यामागे रसायनाचे ज्ञान होते: चांदीचा पत्रा निळ्या व पांढऱ्या रंगांना फार लवकर प्रतिसाद देई, म्हणून चेहरा उमटेपर्यंत पांढरे कपडे पार उजळून जात, काळ्या वस्त्रावर मात्र चेहऱ्याचा आणि हातांचा उठाव स्पष्ट येई. परंतु यामागे माणसांची जाणही तितकीच होती. कुलीन घरातील स्त्रीने एका कृष्णवर्णीय पुरुषाच्या छायाचित्रशाळेत येऊन बसावे, तर तिचा आणि तिच्या घरच्यांचा संकोच आधी दूर झाला पाहिजे, हे त्याने बरोबर हेरले होते. कवयित्री लिडिया सिगुर्नी यांच्यासारख्या हार्टफर्डमधील प्रतिष्ठित व्यक्तींच्या प्रतिमा त्याच्या नावावर सांगितल्या जातात, त्यावरून ही व्यवस्था फळास आली असे म्हणता येईल.

त्याच्या हार्टफर्डमधील कामापैकी आज सर्वांत प्रसिद्ध असलेला पत्रा मात्र वेगळ्याच माणसाचा आहे. जवळच्याच स्प्रिंगफील्ड या गावी लोकरीचा व्यापार करणारा जॉन ब्राउन नावाचा गृहस्थ १८४६-४७ च्या सुमारास त्याच्याकडे येऊन बसला. पुढे १८५९ च्या ऑक्टोबरात हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घालून गुलामांचे बंड उभारू पाहणारा आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला फासावर चढलेला जॉन ब्राउन तो हाच. या छायाचित्राच्या वेळी त्याला अद्याप दाढी नव्हती आणि देशात त्याचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. एक हात शपथ घेतल्यासारखा वर धरलेला, दुसऱ्या हाताने ध्वज घट्ट पकडलेला, ओठ मिटलेले, आणि नजर सरळ पाहणाराच्या नजरेला भिडणारी, अशी ती प्रतिमा आहे. दागेरोटाइपमध्ये प्रतिमा आरशातल्याप्रमाणे उलटी येते, म्हणून पत्र्यावर डावा वाटणारा तो उंचावलेला हात वस्तुतः उजवा आहे. गुलामांना पळून जाण्यास साहाय्य करण्याची जी गुप्त योजना ब्राउनच्या मनात घोळत होती तिचा हा ध्वज असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्याची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रतिमा हीच. वॉशिंग्टन शहरातील नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने १९९६ साली, म्हणजे ती काढल्यास दीडशे वर्षे होत आली असता, ती खरेदी केली. बसणारा आणि बसविणारा या दोघांमध्ये पूर्ण विश्वास असल्यावाचून अशा ठेवणीची प्रतिमा निघणे मला संभवनीय वाटत नाही.

धंदा असा मार्गी लागत असताना त्याच्या मालकाचे नागरिक म्हणून स्थान काय होते? कनेक्टिकटच्या १८१८ च्या राज्यघटनेने मताचा अधिकार केवळ गोऱ्या पुरुषांपुरता राखून ठेवला होता. १८४७ साली, म्हणजे छायाचित्रशाळा उघडल्याच्या दुसऱ्याच वर्षी, कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यावा की नाही हा प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यात आला आणि तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. पुढे १८५० साली पळून गेलेल्या गुलामांसंबंधीचा कायदा मंजूर झाला. त्यान्वये पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नव्हती, आणि निवाडा करणाऱ्या अंमलदाराला आरोपीस मालकाच्या हवाली केल्यास दहा डॉलर व सोडून दिल्यास पाच डॉलर मेहनताना मिळे. ज्या पेनिंग्टन यांच्या चर्चमध्ये वॉशिंग्टनने शिकविले होते, त्यांना या कायद्याच्या धास्तीने परदेशातच राहावे लागले, आणि १८५१ साली मित्रांनी त्यांच्या पूर्वीच्या मालकाच्या वारसांस रक्कम मोजून त्यांची रीतसर सुटका करून घेतल्यावरच त्यांना निर्धास्तपणे वावरता आले. खात्यावर शिल्लक, दुकानात गर्दी, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने स्वतःच्या देहावरील मालकीसुद्धा वादग्रस्त, अशी ही अवस्था होती.

१८५१ साली वॉशिंग्टनने ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या पत्रात एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. ज्या देशात आपल्या लोकांना बरोबरीचे स्थान मिळण्याची आशा नाही, तेथे खितपत पडण्यापेक्षा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लायबेरियात जाऊन स्वतःचे राज्य उभारणे श्रेयस्कर, असे प्रतिपादन त्याने केले. लायबेरियात वसाहत करणारी अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी १८१६ साली गोऱ्या पुढाऱ्यांनी स्थापन केली होती, आणि काळ्या लोकांना देशाबाहेर घालविण्याचा तो डाव आहे असे मानून फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखे बहुतेक कृष्णवर्णीय पुढारी तिला कडाडून विरोध करीत. वॉशिंग्टनचेही पूर्वी तेच मत होते. त्याचे मतांतर अनेकांना फितुरीसारखे वाटले असेल, आणि डग्लस यांच्या पक्षातील नैतिक बळ मी कमी लेखीत नाही. परंतु ज्याने शिक्षण, शाळा आणि धंदा हे तिन्ही मार्ग प्रामाणिकपणे चोखाळून पाहिले आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच भिंत उभी पाहिली, त्याचा हा निर्णय भ्याडपणाचा होता असेही मला म्हणवत नाही.

१८५३ च्या नोव्हेंबरात पत्नी व दोन लहान मुले यांना घेऊन तो न्यूयॉर्कहून जहाजाने निघाला, आणि मन्रोव्हिया येथे पोहोचल्यावर ताबडतोब त्याने पुन्हा छायाचित्रशाळा थाटली. पत्रे, रसायने आणि डब्या यांची बेगमी सोबत होतीच. लायबेरिया हे १८४७ पासून स्वतंत्र प्रजासत्ताक होते, आणि तेथील नव्या प्रतिष्ठित वर्गाला मायदेशी राहिलेल्या आप्तांना पाठविण्यासाठी आपल्या प्रतिमा हव्याच होत्या. तेवढी मागणी पुरेनाशी झाली तेव्हा तो सिएरा लिओन, गँबिया आणि सेनेगाल येथपर्यंत यंत्र घेऊन गेला. मात्र नव्या देशातील त्रुटींवर त्याने पांघरूण घातले नाही. नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांची आबाळ कशी होते, तापाने माणसे कशी दगावतात, याविषयी त्याने परखडपणे लिहिले. ज्या देशाची त्याने शिफारस केली होती त्याच देशाविषयी इतके निर्भीडपणे लिहिणे ही सोपी गोष्ट नव्हती.

१८५६ ते १८६० च्या दरम्यान त्याने लायबेरियाच्या सेनेटच्या सभासदांचे व अधिकाऱ्यांचे जे दागेरोटाइप काढले, ते आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. उपाध्यक्ष बेव्हर्ली येट्स, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला एडवर्ड रॉय, सभागृहाचा सार्जंट चान्सी ब्राउन अशा अनेकांच्या प्रतिमा त्यांत आहेत. हे लोक सभागृहात कामकाज चालू असल्याप्रमाणे बसविलेले किंवा उभे केलेले आहेत, आणि त्याच सुमारास रॉबर्ट ग्रिफिन याने काढलेल्या सेनेटच्या जलरंगातील चित्राशी त्यांचे इतके साम्य आहे की, हे पत्रे त्या चित्राच्या तयारीसाठीच काढले असावेत असे अभ्यासक मानतात. जॉन ब्राउनच्या प्रतिमेला आज जी कीर्ती आहे ती बव्हंशी पुढील इतिहासाने तिला मिळवून दिली आहे. पण छायाचित्रकार म्हणून वॉशिंग्टनची योग्यता ठरवावयाची असेल तर मी या सेनेटरांच्या पत्र्यांना अधिक गुण देईन. काळ्या चेहऱ्याचे बारकावे दागेरोटाइपमध्ये नीट उतरविणे हे प्रकाशयोजनेचे कठीण काम आहे, कारण पांढरा सदरा आधी उजळतो आणि चेहरा मागे राहतो. या पत्र्यांवर गालाची ठेवण, कपाळावरील आठी आणि डोळ्यांतील चमक ही सर्व शाबूत आहेत, आणि कायदे करण्याचा अधिकार असलेली माणसे म्हणून ती निःसंकोचपणे बसलेली आहेत.

त्यानंतर छायाचित्रणाचा धंदाही त्याने हळूहळू मागे टाकला. सेंट पॉल नदीच्या काठी त्याने उसाची शेती केली, तिच्यात तो चांगला सधन झाला, आणि राजकारणात शिरून प्रतिनिधिगृहाचा सभासद व सभापती, आणि पुढे ज्या सेनेटची छायाचित्रे त्याने काढली होती तिचाही सभासद झाला. १८७५ साली मन्रोव्हिया येथे तो मरण पावला. कनेक्टिकटमध्ये ज्याला एका मताचा अधिकार नव्हता, त्याच्या मताने लायबेरियात कायदे मंजूर वा नामंजूर होत होते.